मेणवलीचा घाट, छोटा कॅमेरा : प्रकल्प नोंदी, २०२४

१४ जानेवारी, रविवार

आजपासून मेणवलीचा घाट. सुटीच्या दिवशी जमेल तसं इथंच यायचं, एकाच कॅमेऱ्यानं फोटो काढायचे आणि पावसाळा लागेपर्यंत फोटोग्राफी मुळापासून शिकायची, असं ठरवलंय. वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. सकाळी लवकर निघालं की नऊच्या आत घरी परत. नाना फडणवीसांचा वाडा बघायला येणारी मंडळी त्यानंतर येतात. तोवर घाट गावाचा असतो.

कॅमेरा मामेभावाचा, कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस. २००८ सालचं मॉडेल, आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो. रिचार्जेबल सेलचे दोन जोड घेतले. वरच्या गोल चकतीवर ऑटोखेरीज पी, टीव्ही, एव्ही आणि एम आहेत, म्हणून हाच निवडला. टीव्हीत शटरचा वेग, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येणार ते, आपण ठरवायचा, एव्हीत लेन्समधल्या भोकाचं माप म्हणजे अ‍ॅपर्चर, एममध्ये दोन्ही. खिशात मावणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मोकळीक नसते.

फोन का नाही, तर फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन एकत्र जोडतो, सावलीतलं उजळतो, आभाळ निळं करतो. त्यात उन्हानं काय केलं आणि फोननं काय केलं हे वेगळं काढता येत नाही. मला नेमकं तेच वेगळं करून बघायचंय.

वहीत रकाने आखले. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ (प्रकाश टिपणारा सेन्सर किती संवेदनशील ते), वेळ हे सगळं कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये स्वतःच लिहून ठेवतो, तेव्हा ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याला जे ठाऊक नसतं ते वहीत : ऊन कुठून येत होतं, ढग होते का, मी कुठं उभी होते, आणि मला फोटोत काय हवं होतं. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवलाय.

आज फक्त फिरून पाहिलं. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला, काळ्या पाषाणाचा. ऊन आधी मेणेश्वराच्या देवळाच्या शिखरावर पडतं आणि मग पायरी-पायरीनं खाली येतं. पाण्यापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागतो.

२१ जानेवारी, रविवार

दगड काळा आहे हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. समोर काहीही असलं तरी ते मध्यम राखाडी आहे असं धरून तो प्रकाश मोजतो. अशा राखाडीचं प्रमाण पुस्तकांत १८ टक्के देतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला तेवढाच हिस्सा परत फेकणारी वस्तू. आपला बेसॉल्ट त्याहून पुष्कळ कमी फेकतो. मग कॅमेऱ्याला वाटतं की उजेड कमी पडतोय, आणि तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. काळ्या पायऱ्या फोटोत धुळकट राखाडी होतात.

उपाय कॅमेऱ्यातच आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला प्रकाश (एक्स्पोजर) आपण कमी-जास्त करणं. उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत, एकेक तृतीयांशाच्या पावलानं. पायऱ्यांसाठी उणे दोन तृतीयांश ते उणे एक लागतं. उणे एक म्हणजे सेन्सरवर निम्मा प्रकाश. तेवढ्यानं दगड काळा झाला, छिन्नीचे घाव दिसू लागले आणि पायरीच्या झिजलेल्या कडेवरची चमक वेगळी उठली.

मग उलटं करून पाहिलं. वरच्या अंगाला पांढरी धोतरं वाळत होती. नुसती धोतरं चौकटीत घेतली की ती मळकी येतात; तिथं अधिक एक. काळ्या वस्तूला उणे, पांढऱ्याला अधिक. पहिल्यांदा हे उफराटं वाटतं, पण कॅमेरा सगळं राखाडीकडे ओढतोय हे डोक्यात ठेवलं की आपण त्याला कुठल्या दिशेला परत ढकलायचं ते आपोआप कळतं.

धोतर आणि दगड एकाच चौकटीत असतील तर पांढऱ्याला जपायचं. पांढऱ्यातला तपशील एकदा जळाला की नंतर काही करून परत येत नाही. काळ्यातला थोडाफार वर काढता येतो. फोटो पाहताना माहितीचं पान उघडलं की जळालेला भाग लुकलुकतो. आता प्रत्येक फोटोनंतर तिकडेच नजर जाते.

४ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण या कॅमेऱ्याचा स्वभाव आज कळला.

समोर दीपमाळ आणि मागं सगळं धूसर असा फोटो हवा होता. अ‍ॅपर्चर सगळ्यांत मोठं, एफ/२.६ ठेवलं (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). मागचं झाड, वाड्याची भिंत, भिंतीवरचं गवत, सगळं लख्ख. असं का, ते घरी आकडे मांडल्यावर उलगडलं. या कॅमेऱ्याचा सेन्सर पावणेसहा मिलिमीटर रुंद आणि सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास उंच आहे. मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ बाय २४. क्षेत्रफळात सुमारे पस्तीस पटींचा फरक. एवढ्याशा सेन्सरवर ३५ मिलिमीटरच्या लेन्सइतकं दृश्य मावायचं तर लेन्सची खरी नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) फक्त ५.८ मिलिमीटर ठेवावी लागते, आणि मागचं किती धूसर होणार हे या खऱ्या लांबीवर ठरतं. दृश्य तेवढंच ठेवून तुलना केली तर इथला एफ/२.६ धूसरपणाच्या बाबतीत फुल फ्रेमच्या एफ/१६ च्या जवळ जातो. लग्नाच्या अल्बममधला तो मऊ, वितळलेला मागचा भाग इथं मागूच नये.

आता दुसरी बाजू. एफ/४ ठेवून साधारण दोन मीटरवरच्या पायरीवर फोकस केला, तर एक मीटरपासून थेट समोरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यावर यासाठी अ‍ॅपर्चर लहान करावं लागतं, मग शटर मंदावतं, मग ट्रायपॉड आला. इथं हातात धरून होतं. बटण अर्धं दाबून पायरीवर फोकस पक्का करायचा, तसंच धरून चौकट लावायची, मग पूर्ण दाबायचं. एव्हीमध्ये अर्ध्या दाबावर फोकसबरोबर एक्स्पोजरही बांधलं जातं, म्हणून पायरी निवडताना तिच्यावर ऊन किती आहे तेही बघायचं. एममध्ये ही अडचण नाही.

मग एफ/८ वर आणखी स्पष्ट यायला हवं ना? येत नाही, उलट किंचित मऊ येतं. याचा पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा एक ठिपका, पावणेदोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अ‍ॅपर्चर जितकं बारीक तितका प्रकाश कडांवरून वाकतो, आणि एफ/८ वर एका बिंदूचा डाग दहा मायक्रॉनच्या वर जातो, म्हणजे पाच-सहा पिक्सेल व्यापतो. तेव्हा नेहमीसाठी एफ/४. एफ/८ फक्त प्रकाश कमी करायचा असेल तेव्हा.

या सगळ्याचा मला लागलेला अर्थ असा : या कॅमेऱ्यात मागचं पुसता येत नाही, म्हणून ते निवडावं लागतं. दीपमाळेचा फोटो शेवटी मिळाला तो जागा बदलून. चार पायऱ्या खाली उतरून बसले, तेव्हा झाड आणि भिंत दोन्ही चौकटीबाहेर गेली आणि दीपमाळेमागं नुसतं आभाळ उरलं. पुढचे सगळे महिने बहुतेक हेच करायचंय, पाय हलवायचे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

वाईत कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस. सात घाटांचे उत्सव एकामागून एक चालतात. आज माघी पौर्णिमा, म्हणून मेणवलीऐवजी संध्याकाळी वाईच्याच घाटावर.

आयएसओ वाढवायचा नाही असं ठरवून गेले. इतक्या लहान सेन्सरवर ४०० च्या पुढं फोटोतल्या सावलीत ठिपक्यांचे दाणे उठतात, ते मी घरी तपासलं होतं. आयएसओ ८० ठेवायचा तर शटर सेकंदभर उघडं राहणार आणि हातात धरून ते जमत नाही. ट्रायपॉड गर्दीत नकोच. कापडी पिशवीत दोन वाट्या तांदूळ भरून तोंड शिवून टाकलं. कठड्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. तांदूळ दाबला की कॅमेरा हव्या त्या कोनात बसतो आणि तसाच राहतो. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का फोटोत येत नाही. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद, कारण कॅमेरा आधीच स्थिर आहे.

वेळ फार थोडा मिळतो. आपल्याकडे सूर्य मावळला की अंधार पटकन पडतो. दिव्यांचा पिवळा आणि आभाळाचा निळा एकमेकांच्या तोलाचे होतात ती दहा-पंधरा मिनिटं. आज सातच्या आसपास एफ/४, एक सेकंद यावर तो तोल मिळाला. त्याआधी आभाळ फिकं, त्यानंतर काळं, आणि काळ्या आभाळाखाली दिव्यांचे फक्त ठिपके. पुढच्या वेळी निम्मं काम सूर्य मावळायच्या आधीच उरकायचं : जागा, चौकट, फोकस.

सव्वा सेकंदाच्या पुढं एक्स्पोजर गेलं की कॅमेरा फोटोवर दाणे काढायची प्रक्रिया करतो आणि तेवढा वेळ थांबून राहतो. घाईच्या दहा-पंधरा मिनिटांत हे जाणवतं. म्हणून एक सेकंदावरच राहिले.

३ मार्च, रविवार

घंटा.

मेणेश्वराजवळ दगडी मंडपीत टांगलेली ही घंटा वसईहून आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांबरोबर ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती. घाटावर येणारे लोक घंटेपाशी उभे राहून स्वतःचा फोटो काढतात, आकृतीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तिचा नीट फोटो व्हावा, ही हा प्रकल्प घेताना मनातली पहिली इच्छा होती.

उठावाच्या कामाला उंची किती? काही मिलिमीटर. ती उंची दिसते सावलीमुळे, आणि सावली पडते ती प्रकाश बाजूनं घासून आला तरच. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, समोरून मारतो. सावली आकृतीच्या मागंच पडते आणि कॅमेऱ्याला दिसत नाही. तुलनेसाठी एक फोटो फ्लॅशनं घेतला. मेरीचा चेहरा धातूत बुडून गेला आणि मधोमध पांढरा डाग.

फ्लॅश बंद करून वाट पाहिली. ऊन थेट घंटेवर येत नव्हतं, पण बाहेरच्या फरशीवर पडून परतणारा उजेड एका अंगानं आत येऊ लागला तसे चेहऱ्याचे उंचवटे वर आले. कपाळ, नाकाची रेघ, कडेवरच्या बाळाचं डोकं, वस्त्राच्या चुण्या. दुसरी बाजू अगदीच अंधारात जाऊ नये म्हणून गुरवकाकांकडून पांढऱ्या पुठ्ठ्याचं एक खोकं मागून घेतलं, फाडून सपाट केलं आणि सावलीच्या बाजूला हातभर अंतरावर धरलं. पुठ्ठा जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. अगदी जवळ आणल्यावर आकृती पुन्हा चपटी दिसू लागली, तेव्हा मागं घेतला.

पुठ्ठा धरायला शेवटी काकाच उभे राहिले. म्हणाले, "ताई, येताय तवा त्योच घाट काढताय. घाट काय पळून जातोय व्हय?"

म्हटलं, "घाट नाही काका, ऊन पळतंय."

खरंच पळालं. वीसेक मिनिटांत तो परतीचा उजेड सरकून गेला. मिळालेल्यांत चांगला : एफ/४, १/२० सेकंद, आयएसओ ८०, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर. साल टिपायला मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची सोय, वापरली. या कॅमेऱ्यात झूम पूर्ण मागं असताना पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, पण तितकं जवळ गेलं की लेन्सचीच सावली वस्तूवर पडते. थोडं मागं राहून नंतर कापून घेतलेलं बरं.

१७ मार्च, रविवार

घाटावरच्या एका शेंदरी दगडाला वाहिलेली हळद-कुंकू. फोटोत हळद म्हणजे पिवळा सपाट चट्टा, पोत काहीच नाही, आणि लुकलुकणारा भागही नाही. फोटोतला उजेड दाखवणारा आलेख (हिस्टोग्राम) पाहिला तर तोही मध्यात, व्यवस्थित. मग तपशील गेला कुठं?

हे समजून घ्यायला भरपूर पिवळं हवं होतं, आणि मार्चमध्ये वाईत त्याला तोटा नाही. ओळखीच्या एका शेतकरी काकांकडे गेले. हळद शिजवून, वाळवून, ड्रममध्ये घालून पॉलिश झालेली. खळ्यात हळकुंडांचा ढीग आणि हवेत पिवळी धूळ. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लेन्सपुरतं भोक ठेवलं.

कारण असं निघालं. कॅमेरा रंग तीन भागांत साठवतो, लाल, हिरवा, निळा. हळदीच्या पिवळ्यात लाल सर्वांत जास्त, निळा जवळपास नाही. उन्हात लाल आधीच काठोकाठ भरतो. पण हा कॅमेरा आलेख दाखवतो तो एकूण उजेडाचा, तिन्ही मिसळून, आणि त्या बेरजेत निळ्याचा रिकामेपणा लालच्या भरतीला झाकून टाकतो. गडद, शुद्ध रंगांसाठी आलेखावर विसंबायचं नाही. उणे दोन तृतीयांश आधीच लावायचं. तसं केल्यावर हळकुंडांवरची कडी-कडी मोजता येऊ लागली. हेच जास्वंदीला, झेंडूला, शेंदराला आणि दसऱ्याच्या गुलालालाही लागू पडेल.

व्हाइट बॅलन्सचंही, म्हणजे उजेडाचा रंग वजा करून पांढरं पांढरंच दाखवण्याचंही, इथंच कळलं. चौकट पिवळ्यानं भरली की ऑटो त्याला दिव्याचा पिवळेपणा समजून निळं मिसळतो, हळद मरगळते. पांढरा कागद त्याच उन्हात धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला. फरक इतका की काकांनी स्क्रीन बघून विचारलं, हा दुसऱ्या ढिगाचा का?

७ एप्रिल, रविवार

माणसं. हे मी मुद्दाम मागं ठेवलं होतं, कारण घाटावर बायका धुणं धूत असतात आणि न विचारता कॅमेरा वर करणं मला पटत नाही. आता त्या मला ओळखतात.

विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, "कपडं धुतानाचं कसलं फोटू काढता? नीट लुगडं नेसून येते, मग काढा." बाकीच्या हसल्या, पण त्यांच्यातल्या दोघींनी काढा म्हणून सांगितलं. चेहरे नकोत, एवढी एक अट. योग्यच अट.

मग हात आणि पाणी. कपडा दगडावर आपटला की पाणी उडतं ते पकडायला टीव्हीवर १/५०० आणि १/१०००. १/५०० वर थेंब किंचित लांबट येतात, १/१००० वर गोल आणि सुटे. मला १/५०० चे जास्त आवडले. त्यांत जोर दिसतो. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत छोट्या कॅमेऱ्याला वेळ लागतो, पण त्यातला बराचसा वेळ फोकस शोधण्यात जातो. आपटायच्या दगडावर आधीच अर्धं बटण दाबून थांबायचं. मग राहिलेला उशीर इतका थोडा असतो की हात खाली येऊ लागला की दाबायचं, हे तालात बसतं. धुणं तालातच चालतं, त्यामुळे सोपं गेलं.

मावशी खरंच तासाभरानं आल्या, हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. उन्हात डोळे बारीक होत होते म्हणून देवळाच्या सावलीत, कडेला, चेहरा मोकळ्या आभाळाकडे करून बसवलं. झूम पूर्ण मागं ठेवून जवळ गेलं तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. चार-पाच पावलं मागं जाऊन निम्म्याच्या वर झूम केला. झूमची किंमत प्रकाशात मोजावी लागते : पूर्ण झूमला सगळ्यांत मोठं अ‍ॅपर्चर एफ/५.५, म्हणजे एफ/२.६ च्या चौथ्या हिश्शाहूनही कमी उजेड. म्हणून मधेच थांबले.

मागं काय? मंडपाचं अंधारलेलं दार. मागचं धूसर होणार नाही हे माहीत होतं, तेव्हा मागं काहीच दिसू नये अशी जागा शोधली. अंधारात सगळं स्पष्ट असलं तरी दिसत नाही. उणे दोन तृतीयांश, आणि चेहरा उजेडात उठून आला. या प्रकल्पातला मला आतापर्यंत सर्वांत प्रिय फोटो हाच.

२८ एप्रिल, रविवार

संध्याकाळी पाण्याचे प्रयोग. एफ/८, आयएसओ ८०, दिवेलागणीला एक सेकंद. दगडांमधून पळणारं पाणी दुधासारखं दिसतं, घाट मात्र घट्ट. याच पाण्याचा दुपारी १/१००० ला काढलेला फोटो शेजारी ठेवला तर नदी एकच आहे हे सांगावं लागेल.

या पाण्यावरून जुने फोटोग्राफर आठवले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. मुंबईचे डॉक्टर आणि विद्वान भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते आणि उत्तम फोटोग्राफर होते. त्या काळात काचेवर कोलोडियनचा लेप देऊन ती ओली असतानाच फोटो घ्यायचा, आणि वाळायच्या आत धुवायचाही. अंधारखोली बरोबर न्यायची. एक्स्पोजर सेकंदांत मोजायचं, त्यामुळे वाहतं पाणी असंच यायचं, फोटोग्राफरनं ठरवो वा न ठरवो. आज मला दोन्ही प्रकारचं पाणी मिळतं आणि निवड माझी आहे, याचं मोल कठड्यावर ताटकळताना फार जाणवलं.

११ मे, शनिवार

शून्य सावलीचा दिवस. वाईचं अक्षांश अठराच्या किंचित खाली, त्यामुळे मे महिन्याच्या या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास. दुपारी फोटो काढू नयेत असं सगळे सांगतात. का काढू नयेत ते आजच्या दिवशी सगळ्यांत स्वच्छ दिसणार, म्हणून मुद्दाम दुपारचीच गेले. डोक्यावर ओला पंचा.

सकाळी आठला घेतलेल्या फोटोत प्रत्येक पायरीची उभी बाजू आणि आडवी बाजू वेगळी. एकीवर ऊन, दुसरीवर सावली, आणि त्या पट्ट्यांमुळे घाटाचं वळण डोळ्यात भरतं. साडेबाराला आडव्या पायऱ्या सगळ्या सारख्याच तापलेल्या, उभ्या बाजूंना वरून उतरणाऱ्या उन्हाची नुसती खरवड. वरच्या कठड्यावरून खाली पाहिलं की घाट सपाट उतार वाटतो, पायऱ्या मोजता येत नाहीत. दीपमाळेची सावली तिच्या पायाखाली गेलेली.

पण एक गोष्ट अशी मिळाली जी फक्त आजच मिळते. दीपमाळेच्या दगडी हातांच्या, म्हणजे जिथं पणत्या ठेवतात त्या खुंट्यांच्या सावल्या खांबावरून सरळ खाली ओघळलेल्या. एरवी त्या तिरक्या पडतात. एफ/५.६, १/६४०, आयएसओ ८०. हे आकडे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरनं नव्हे, उन्हाच्या जुन्या नियमानं काढले : लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ ८० ला १/८० सेकंद. तिथून अ‍ॅपर्चर तीन स्टॉप मोठं (दर स्टॉपला उजेड दुप्पट), तर शटर आठपट वेगवान. बरोबर आलं. स्क्रीन त्या उन्हात काळी ठिक्कर, म्हणून डोळ्याला लावायच्या खिडकीतून चौकट लावली. तिच्यात दिसतं त्यापेक्षा फोटोत कडांना बरंच जास्त येतं, हे धरून चालायचं.

शून्य सावलीचा दुसरा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. तेव्हा इथं ढग असतात.

१६ जून, रविवार

पाऊस. कॅमेरा आत-बाहेर करताना बाष्प धरतो, म्हणून घरून निघताना सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत, आणि घाटावर पोचल्यावर थोडा वेळ तसाच.

ओला बेसॉल्ट ही वेगळीच वस्तू आहे. कोरडा दगड उजेड सगळीकडे विखुरतो. ओला झाला की वरचा पाण्याचा पातळ थर आरशाचं काम करतो आणि दगड खऱ्या अर्थानं काळा होतो. एका कोनातून काळा, दोन पावलं सरकलं की त्याच पायरीत पांढरं आभाळ. ढगाळ प्रकाशात सावली नसते, मेमधल्या दुपारीही पायऱ्यांवर नव्हती, पण इथं पायऱ्या सुट्या दिसतात, कारण प्रत्येक आडवी बाजू चमकते आणि उभी बाजू काळी राहते. सकाळचं ऊन जे करत होतं ते आता पाणी करतंय. आभाळ चौकटीत घेतलं की मात्र सगळं बिघडतं. पांढरं फटक आभाळ मीटरला फसवतं आणि नजरही तिकडेच जाते. आज आभाळ पूर्ण वगळलं.

२१ जुलै, रविवार

खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्यात. घाटाचं काम थांबलं, प्रिंटचं सुरू.

फोटो ३२६४ बाय २४४८ पिक्सेलचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर दहा बाय आठ आरामात निघतो. त्याहून मोठा करायची गरज नाही, घाट त्या मापात छान बसतो. सहा बाय चारच्या प्रिंटचं प्रमाण वेगळं असल्यामुळे उंचीचा नववा हिस्सा कापला जातो; घंटेच्या फोटोत तेवढ्यानं वरची कडी जाते, म्हणून तो दहा बाय आठच.

स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नाही. जो काळा स्क्रीनवर खोल वाटतो तो कागदावर नुसता काळा. सगळे फोटो पाठवायच्या आधी एकाच फोटोचे तीन छोटे प्रिंट घेतले, मधला उजेड प्रत्येकात थोडा-थोडा वाढवत. तिन्ही खिडकीशी धरून पाहिले आणि मधला ठरवला. कागद मॅट, चकचकीत कागदावर बेसॉल्टचा पोत बल्बच्या तिरिपीत हरवतो.

गुरवकाकांना घंटेचा दिला. त्यांनी आकृतीवर बोट ठेवून, "हे बाळ एवढं सपष्ट आम्हीबी पाह्यलं नव्हतं," म्हटलं आणि गाभाऱ्याशेजारच्या कोनाड्यात लावला. ओल लागेल म्हणून मी तो काढून काचेची फ्रेम करून देते म्हणून परत आणलाय.

मावशींचा त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो सुनेला दाखवला, शेजारणीला दाखवला, मग फळीवर उभा करून लांब जाऊन पाहिला. सुनेचाही तसाच हवाय, त्याच दारात. नागपंचमी झाली की यायचं ठरलंय. ढगाळ असेल तर दारातला अंधार आणि बाहेरचा उजेड यांत एवढा फरक राहणार नाही, तेव्हा सकाळी अकराच्या सुमाराची वेळ सांगितलीय आणि पुठ्ठा बरोबर न्यायचा.